सांडूची तीन वाक्यं

“हे तुमच्यापैकी कुणालाही पटणार नाही,” मी म्हणालो, “आणि पटावं असा माझा आग्रहही नाही.”

“काका, मागच्या रविवारचंही पटलं नव्हतं,” मृण्मयी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. एका हातात चिमटा, दुसऱ्यात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, आणि नाकाच्या शेंड्याशी धुराची बारीक रेघ. “तो मल्टिमीटर. माणूस खोटं बोलला की बीप करायचा तो.”

“तो विकला मी.”

“विकला, का तुमच्याजवळ दिवसभर बीप करत बसला म्हणून काढून टाकला?”

पोरगी हुशार आहे. आठवडाभर वाळूजच्या एका कारखान्यात मशीनना शहाणपण शिकवते आणि रविवारी माझ्या दुकानात येऊन कुणीही न सांगितलेल्या वस्तू बनवते. औरंगपुऱ्यातलं हे दुकान म्हणजे दुकान कमी आणि अडगळ जास्त. भिंतभर प्लास्टिकच्या ड्रॉवरमध्ये रेझिस्टर, कपॅसिटर, मेलेल्या टीव्हींची काळजं. रविवारी असल्या नादाची माणसं इथं जमतात. कुणी ड्रोनचं मोडलेलं पातं घेऊन येतं, कुणी नव्या बोर्डाची बातमी मोबाईलवर मोठ्यानं वाचतं, आणि सगळे मिळून माझा चहा पितात.

त्या रविवारी मात्र ऊन असं होतं की कुणी फिरकलं नाही. मृण्मयी होती आणि वैजापूरकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीनं आलेल्या आशाबाई होत्या. दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर त्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर बटणांचा मोबाईल, मोबाईलवर हात. त्यांचा मुलगा गोकुळ दारात उभा होता, कारण दुसरं स्टूल नव्हतं.

आमच्या चौघांच्या मध्ये, जुन्या वर्तमानपत्रावर, सांडूचा बोर्ड पडला होता.

सांडू म्हणजे आशाबाईंचे मालक. शेतावर लाईट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून विहिरीवरच्या पेटीत लोक मोबाईलचा स्टार्टर बसवतात. लाईट आली की स्टार्टर स्वतः मोटर चालू करतो आणि मालकाला फोन करून तसं सांगतो. बाजारातले स्टार्टर बाईच्या आवाजात बोलतात. सांडूला ते मंजूर नव्हतं. “विहिरीवर परकी बाई कशाला बोलवायची, दादा? घरात विचारत्यात,” असं म्हणून तो माझ्याकडे आला, आणि मी त्याला त्याच्याच आवाजाचा स्टार्टर बनवून दिला. याच दुकानात, घसा खाकरून, टोपी नीट करून, त्यानं चिपमध्ये तीन वाक्यं भरली. लाईट आली, मोटर चालू झाली. लाईट गेली, मोटर बंद पडली. आणि विहीर तळाला लागली तर तिसरं: पाणी नाय, मोटर बंद केली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सांडू गेला. छातीत कळ आली आणि वैजापूरला न्यायच्या आत संपलं. पेटीतला आवाज मात्र राहिला. लाईट आली की आशाबाईंचा फोन वाजायचा. त्या उचलायच्या, ऐकायच्या, आणि पलीकडून कट होईपर्यंत फोन कानावरून काढायच्या नाहीत.

आता गावाकडच्या टॉवरवर जुन्या नेटवर्कचा जीव राहिलेला नाही आणि या बोर्डाला दुसरं नेटवर्क कळत नाही. लाईट येऊन जाते, मोटर सुरू होत नाही, कांदा माना टाकतो. गोकुळनं बोर्ड काढून आणला. मी नवा बनवला, मृण्मयीनं सांडूचा आवाज जुन्यातून काढून, खरखर धुऊन, नव्यात घातला. आशाबाईंनी तो फोनवर ऐकला आणि म्हणाल्या, “आवाज त्यांचाच हाय. पण ते नायत त्यात.” आणि जुना बोर्ड होता तसा पेटीत परत लावायचा, असा हट्ट धरून त्या आज स्वतः आल्या.

आदल्या दिवशी गोकुळचा मला फोन. “काका, जुना बोर्ड पुन्हा लावला तर कांदा गेला म्हणून समजा. आठवडा झाला बोर्ड तुमच्याकडं पडलाय, अन् ती फोन मांडीवर घेऊन बसती. जेवतानाबी. समजावा तिला. तुमचं ऐकती.”

समजावणं मला जमत नाही. गोष्ट सांगता येते.

“मंगळवारची दुपार,” मी सुरुवात केली. “जेवायची वेळ. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. लाईट गेलेली, पंखा बंद, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. हा बोर्ड असाच माझ्यासमोर, पालथा. बॅटरी मी काढून ठेवलेली. सिम काढून बाटलीच्या या झाकणात ठेवलेलं. बघा, अजून तिथंच आहे. बोर्ड म्हणजे नुसती हिरवी पाटी. अशा वेळी माझा फोन वाजला.”

“कंपनीचा असेल. रिचार्ज संपलं म्हणून,” मृण्मयी म्हणाली.

“स्क्रीनवर नाव आलं, ‘सांडू स्टार्टर’. बोर्डात दोन नंबर असतात. पहिला आशाबाईंचा, दुसरा चाचणीसाठी माझा. पहिला उचलला नाही तर दुसऱ्याला फोन लागतो. मी झाकणात पाहिलं. सिम तिथं. फोन पाहिला. नाव तिथं. मग मी उचलला.”

आशाबाई हलल्या नाहीत. बोटं मात्र मोबाईलवर घट्ट झाली.

“आधी कुणी बोललंच नाही. नुसती घरघर. तुम्हा शेतकऱ्यांना सांगायला नको, रिकाम्या पाइपातून पाणी चढायच्या आधी हवा कशी घोगरते. घसा असल्यासारखी. तो आवाज लांबून जवळ आला, जवळ आला, आणि अगदी कानाशी येऊन थांबला. मग सांडू बोलला. ‘लाईट आली, मोटर चालू झाली.’ आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.”

“काका, लाईट खरंच आली असेल.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून मी दाराशी गेलो. समोरचा टेलर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद. आख्ख्या गल्लीत लाईट नव्हती मृण्मयी, आणि माझा पंखा चालू होता.”

“इन्व्हर्टर.”

“इन्व्हर्टर दुकानात नाही, आणि त्यावरून उन्हाळाभर तूच माझं डोकं खातेस.”

दारातला गोकुळ एक पाऊल आत आला. त्याला मी काय करतोय हे माहीत होतं, तरी तो वर पंख्याकडे पाहत होता.

“फोन चालूच होता,” मी म्हणालो. आवाज जरा खाली आणला. अशा ठिकाणी खालीच आणावा लागतो. “मी म्हटलं, सांडू, तू आहेस का? तर उत्तर नाही. श्वास नाही. पण समोर कुणीतरी कान देऊन आहे हे कळतं ना, तसं कळत होतं. मी पुन्हा विचारलं, सांडू, कुठून बोलतोस बाबा, तिथं कसं आहे? आणि तो म्हणाला, ‘लाईट गेली.’”

गोकुळची नजर पंख्यावरून बोर्डावर आली.

“‘लाईट गेली’ म्हणून तो थांबला. मोटरचं काही बोललाच नाही. चिपमधलं वाक्य मी स्वतः भरून घेतलंय, ते अर्ध्यात तुटत नाही. एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत जातं. पण इथं त्यानं स्वतः तोडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आशाबाई. त्याच्याकडं तेवढेच शब्द आहेत. आपण त्याला जेवढे भरून दिले तेवढे. आता त्याला काहीही सांगायचं असलं तरी त्यातूनच मोडून सांगावं लागतंय.”

मृण्मयीनं आयर्न स्टँडवर ठेवलं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज विरेपर्यंत मी थांबलो.

“मी विचारलं, अंधार आहे का रे तिथं? तर, ‘लाईट गेली.’ विचारलं, एकटाच आहेस? काही नाही. त्याचा शब्दच नव्हता त्याच्याकडं. मग विचारलं, सांडू, तुला काही हवंय का? यावर बराच वेळ ती घरघर. रिकामी. आणि मग अगदी हळू, ‘पाणी नाय.’”

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“काका,” गोकुळ म्हणाला. बस करा, असं त्याला म्हणायचं होतं. पण बस करा म्हटलं तर आईला कळणार, म्हणून तो नुसतं काका म्हणून राहिला.

“मी बोर्ड उचलला,” मी बोर्ड उचलून दाखवला, “तर खालचं वर्तमानपत्र ओलं. माझी बोटं ओली. वास घेतला. नळाचं पाणी नव्हतं ते. गाळाचा वास. विहिरीतला.”

“मे महिन्यात विहिरीला पाणी?” मृण्मयी म्हणाली, पण तिचं चित्त त्यात नव्हतं. ती वर्तमानपत्राकडे पाहत होती. त्याच्या एका कोपऱ्यावर डाग होता खरा. सकाळी तिथं मी चहाचा कप ठेवला होता.

“असं म्हणले?” आशाबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं. “पाणी नाय म्हणले?”

“म्हणाला.”

“कसं म्हणले? चिडून का साधं?”

“साधं. दमलेल्या माणसासारखं.”

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, बोर्डाकडे पाहिलं आणि काय करावं ते न सुचून बाटली तशीच हातात धरून बसल्या. माझ्या पन्नास वर्षांच्या गोष्टींत असा श्रोता मला मिळाला नव्हता. इथं थांबलो असतो तर ही गोष्ट वैजापूर तालुक्यात विहिरी-विहिरींवर सांगितली गेली असती. पण नवा बोर्ड पेटीत बसायचा अजून बाकी होता, आणि दारात गोकुळ उभा होता, आणि गोष्ट रंगली की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत हे मृण्मयी तुम्हाला सांगेल.

“अजून काय म्हणले?” आशाबाई म्हणाल्या.

“तेच तर सांगतोय. मी म्हटलं, सांडू, आम्ही काय करावं ते तू सांग. आशाबाई जुना बोर्ड सोडायला तयार नाहीत. गोकुळचा कांदा वाळतोय. तर पाइपातली घरघर बंद. एकदम शांत, जशी मोटर बंद केल्यावर शेतात होते तशी. आणि त्या शांततेत तो बोलला. चिपमधलं नाही, स्वतःचं. ‘दादा,’ म्हणाला, ‘मी इथं अडकून पडलोय. आशाला सांगा, म्हणावं आशा, आता मला मोकळं कर. नवा बोर्ड लावून घे…’”

आशाबाईंनी पदर तोंडावरून काढला. बाटलीचं झाकण लावलं, आटे बरोबर बसलेत का ते पाहिलं आणि बाटली पिशवीत ठेवली. त्यांचा चेहरा उतरला नव्हता. उलट बाजारात कुणी वजनात फसवू पाहावं आणि ते आपल्या वेळीच ध्यानात यावं, तसा तो मोकळा झाला होता.

“खोटं,” त्या म्हणाल्या.

“काय खोटं, आशाबाई?”

“तुम्ही खोटं बोलायलात, दादा. पाण्यापातूर मला खरं वाटलं. मनात म्हणलं, यांना कसं कळलं.” त्यांनी बोर्डासाठी हात पुढं केला, आणि मी तो त्यांच्या हातात दिला, का दिला ते मला सांगता येणार नाही. “पण आमच्या मालकानं जन्मात माझं नाव घेतलं नाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं, त्येबी चार बायांनी दार अडवलं म्हणून. आशा न् बिशा त्यांच्या तोंडात नाय. ‘अगं ऐक’ म्हणत्यात ते मला. आज सकाळी एसटीत चढताना फोन आला, गोकुळला मी राँग नंबर म्हणून सांगितलं, तवाबी ‘अगं ऐक’च म्हणले.”