लेथवरची देवी

दसऱ्याला लेथवर नारळ कोण फोडतो, त्यावरून पांडेसऱ्याच्या त्या वर्कशॉपात मोठा कोण ते ठरत असे. लेथ आल्यापासून नारळ शालिग्रामचा. यंदा सेठने तो निंबाच्या हातात दिला. निंबा म्हणजे शालिग्रामचा साडू. अमळनेरहून आणून त्याला इथे चिकटवलाही शालिग्रामनेच. नारळ फोडताना निंबाने साडूकडे पाहिलं नाही. साडूने मात्र सगळं पाहून ठेवलं.

लेथच्या मोटरला सेठने नुकताच ड्राइव्ह बसवला होता. ही पेटी मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करी आणि स्वतः तापली की काम थांबवी. कामगारांना अशी सवलत नव्हती. पेटीच्या कुशीला पंख्याची जाळी होती. ती मोकळी ठेवा, असं बसवणाऱ्याने शालिग्रामला बजावलं तेव्हा निंबा सेठसाठी चहा आणायला गेला होता. दसऱ्याला भक्तीच्या भरात त्याने नेमका त्या जाळीवर खळ लावून सप्तशृंगीचा फोटो चिकटवला. शालिग्रामने ते पाहिलं आणि प्रसाद खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून लेथ चालता चालता बंद पडू लागला. थोडा विसावा घेऊन चाले, रोलर अर्धा कातून झाला की पुन्हा बंद. निंबाने पट्टा बदलला, वायरी कसल्या, मोटर तापत असेल म्हणून तिच्यापुढे मोठा पंखा आणून ठेवला. मोटर थंडगार, लेथ बंदच. पंख्याचा वारा शेजारच्या मशिनवर शालिग्रामला लागे. त्याला बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

घरी पुष्पाबाई म्हणाली, माझ्या बहिणीचं घर आहे, ठाऊक असेल तर सांगून टाका. देवीच्या कामात आपण पडू नये, असं शालिग्रामचं मत पडलं.

कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांचे रोलर अडले तसा सेठचा धीर सुटला. यंत्रात दोष सापडत नाही म्हणजे तो पूजेतच, हे त्याने ठरवून टाकलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "शालिग्रामभाई, पूजा फिरसे करो. नारियल तुम फोडना."

शालिग्राम आंघोळ करून, टिळा लावून आला. देवीला उंच जागा हवी, म्हणत त्याने ओल्या फडक्याने फोटो सोडवला आणि भिंतीवर लावला. नारळ एका घावात फुटला. लेथ सुरू झाला तो थांबायचं नावच घेईना. सेठने हात जोडले. देवीला की शालिग्रामला, ते नीट कळलं नाही.

निंबा पेटीवर राहिलेली खळ पुसायला वाकला. जाळीतून तळव्यावर गरम वारा आला. हात तसाच ठेवून त्याने मान वळवली आणि या वेळी साडूकडे नीट पाहिलं. पण बोलायचं तर देवी तिथे कोणी चिकटवली, हेही बोलावं लागलं असतं.

शालिग्रामने खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला.

"खाय ले, निंबा," तो मायेने म्हणाला. "तोंड भरेल ऱ्हायनं म्हणजे बरं ऱ्हास."

निंबा चावू लागला.