बाकी काही नाही

"चार दिवस झाले पोरगी बेटावर येऊन, आणि सख्ख्या आत्याच्या दारात पाऊल नाही!" अकोसितानं केवड्याचं पान नखानं असं चिरलं की शेजारची बाई दचकली. "मागच्या वाटेनं ये-जा करते म्हणे, डुकरांच्या कुंपणाकडून. राजधानीत तीन वर्षं नर्सचं शिकतेय. आत्याला तोंड दाखवायचं तेवढं शिकवलं नाही तिथं."

चटई विणणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं धीर करून म्हटलं, "लाजत असेल हो."

"लाजेपायी माझा लेक सेमिसी अर्धा झाला. अजून किती लाजायचंय तिला?"

झालेलं सगळ्यांना ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वी याच पोरीला, लेसिएलीला, शिकाऊ म्हणून बेटावरच्याच दवाखान्यात धाडलं होतं. दर मंगळवारी ती आत्याच्या घरी येऊन सेमिसीच्या पायांची मलमपट्टी करायची. साखरेच्या दुखण्यानं त्याचे पाय चिघळायचे. तीन मंगळवार तिनं कार्डावर लिहिलं, 'पाय स्वच्छ. बाकी काही नाही.' चौथ्या रविवारी सेमिसी देवळात प्रार्थना चालू असतानाच कोसळला. जांघेतलं गळू आतल्या आत पोटापर्यंत सडत गेलं होतं. विमानानं राजधानीत नेला, तिथं तीनदा कापला. बैलासारखा गडी गेला होता, काठी टेकत परत आला.

आणि आज सकाळपासून त्याच्या खोलीला पुन्हा तो सडका वास येत होता. नर्स सालोमे होडीनं पलीकडच्या बेटांवर पोरांना लस टोचायला गेलेली, शुक्रवारी परतायची. आज मंगळवार.

अकोसिता उठली. घरी जाऊन कमरेला गुंडाळायची मानाची चटई घट्ट बांधली आणि भावाच्या घराकडे निघाली.

तिला येताना पाहून मोसेसेनं बैठकीच्या वरच्या टोकाची मानाची जागा रिकामी केली. बेटावर बहिणीचा मान मोठा; भाऊ असला तरी बहिणीपुढे तो कायमच जरा वाकलेला असे. "ये अक्का. नारळपाणी काढू?"

"पोरगी कुठाय?"

"चुलीशी. पण अक्का, तिला बोलू नकोस. जेवत नाही."

"मी जेवू घालायला नाही आले."

लेसिएली धुरात बसून रताळी सोलत होती. शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत पांढरा गणवेश, नीट घडी केलेला. आत्याला बघताच ती जमिनीला नजर लावून बसली.

"हे काय बांधून ठेवलंयस?"

"परत द्यायचाय. मी नाही जाणार पुढे."

"का? हाकललं?"

"नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, झालं ते लिहून आण. तू घेतलेला निर्णय लिही. मी म्हटलं, मी निर्णय घेतलाच नाही. तर म्हणाल्या, 'बाकी काही नाही' लिहिलंस ना? तोच निर्णय."

अकोसिता लाकडावर बसली. "तुला कळलं होतं?"

"पहिल्या मंगळवारीच. वासानं." पोरीचा आवाज इतका बारीक झाला की चुलीतल्या फाट्यांचा तडतडाट मोठा वाटावा. "त्यानं भिंतीकडे तोंड केलेलं. मी विचारलं, अजून कुठं दुखतं? तो नाही म्हणाला. ती जागा मी कशी विचारू आत्या? भाऊ आहे माझा."

"सालोमेला सांगायचं होतंस."

"तिनं विचारलं असतं, कुठं? मग मला ते नाव घ्यावं लागलं असतं. भावाच्या अंगाचं."

सख्खा काय नि आत्येभाऊ काय, भाऊ तो भाऊ; त्याच्यादेखत अंगाबिंगाचा विषय काढायचा नाही, ही बेटाची रीत. नऊ वर्षांची असताना हीच लेसिएली सेमिसीच्या शेजारी बसून टीव्हीवरच्या कसल्याशा चावट प्रसंगाला खिदळली होती. अकोसितानं सगळ्यांदेखत तिला थोबाडलं आणि ओढत बाहेर काढलं. त्यानंतर भाऊ असलेल्या खोलीत ती पोर कधी हसली नाही. आमच्या घरात रीत अजून शिल्लक आहे, असं अकोसिता वर्षानुवर्षं गावभर सांगत आली होती.

तिनं रताळं उचललं, पुन्हा ठेवलं.

"त्याच्या चादरी कोण धुतं?" तिनं विचारलं.

"तुम्ही."

"मग डाग कुणी पाहिले असतील?"

लेसिएलीनं पहिल्यांदा मान वर केली.

"घरामागं केळींच्या आड वाळत घालायचे मी त्या. कुणाला दिसू नये म्हणून. पोरगा चाळिशीचा झाला, त्याला कसं विचारायचं म्हणून गप्प बसले. आणि गावभर तुझ्या नावानं बोंबलत हिंडले." ती खाकरली. "हे तुझ्या बापाला कळता कामा नये."

दाराआड उभ्या मोसेसेनं ऐकलं आणि तो हळूच अंगणात सरकला.

"आता ऊठ. घाल ते पांढरं. त्याच्या खोलीला पुन्हा तो वास येतोय."

"आत्या, तो मला मारेल."

"उभं राहता येत नाही त्याला, मारतोय कुठला!"

सेमिसीनं मामेबहिणीला आईबरोबर येताना खिडकीतून पाहिलं असावं, कारण दोघी आत शिरायच्या आधीच तो ओरडायला लागला. "आई, तिला आणू नकोस! शुक्रवारी सालोमे येईल! हिला बाहेर काढ!"

"शुक्रवारपर्यंत तू राहशील?" अकोसिता म्हणाली.

तिनं कमरेची चटई सोडली. तिच्या आईच्या हातची, बारीक विणीची, एरवी फक्त देवळात आणि मयताला बांधायची. ती तिनं लेकाच्या छातीवर उभी धरली, भिंतीसारखी. एका बाजूला त्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला लेसिएली. मधे स्वतः पलंगाच्या कडेवर टेकली.

"तू तिला बघत नाहीस, ती तुझं तोंड बघत नाही. जे काय पाप लागायचं ते मला लागू दे. धू गं."

लेसिएलीनं पट्टी सोडली, आणि वासासरशी तिचे हात थांबले ते एकदाच. त्यानंतर ते शिकलेल्या बाईचे हात झाले. चटईपलीकडे सेमिसीनं डोळे गच्च मिटले होते. त्याच्या पायाची बोटं आखडत होती, सुटत होती. अकोसिताचे दंड भरून आले, पण चटई बोटभरही खाली आली नाही.

"पू खोल आहे," लेसिएली म्हणाली. "सालोमेला फोन करते. विमान मागवावं लागेल."

"कर."

फोन झाला. पलीकडून कुठं, कुठं असं दोनदा ऐकू आलं, आणि दोन्ही वेळा लेसिएलीनं सांगितलं. मग ती कार्ड घेऊन बसली आणि पेन हातात धरून थांबली.

अकोसितानं चटई अजून धरलेलीच होती. भाचीकडे न बघता ती म्हणाली, "भित्री आहेस तू, लेसिएली. माझ्या हातानं घडवलेली भित्री. ते पांढरं अंगावरून उतरवायचं नाही. आता लिही. जांघ म्हणून लिही. आणि मला वाचता येत नाही, तेव्हा मोठ्यानं वाचून दाखव. त्यालाही ऐकू दे."