दादाच्या खोलीचं दार

"भावजी, ते कपाट तेवढं हलवू नका," वहिनी म्हणाल्या. फट नेमकी त्या कपाटामागेच होती.

फटी बुजवणं हा माझा धंदा. विद्यापीठातल्या लोकांनी इमारतींमध्ये यंत्रं लावून शोधून काढलं, की हिवाळ्यात घरं उबदार ठेवायला जाळलेलं निम्मं इंधन फटींतून निसटून आभाळ तापवण्यात जातं. झालं, कायदा आला. एक घर चाचणीत नापास झालं, तरी अख्खी इमारत नापास. आम्ही दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो आणि धुराची कांडी घेऊन भिंतीभिंतीशी हुंगत फिरतो; धूर हलला की तिथे फट. बायको मला उंदीर म्हणते. म्हणू दे.

पण हे घर माझ्या दादाचं. तो गेल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या खोलीचं दार आपोआप, हळूच उघडायचं. वहिनी स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आलात? आज उशीर केलात." एकदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. खरं सांगतो, मीही मान वळवून बघितलं.

कपाटामागे कांडी धरली. धूर सरळ दाराकडे धावला.

"वारा आहे, वहिनी."

"मला काय कळत नाही होय?" त्या खोकत म्हणाल्या. "वारा तर वारा. येतो ना रोज?"

जिन्यात शेजारी निकालासाठी ताटकळत उभे होते. त्यांच्याही घरात म्हातारी माणसं होती, तान्ही पोरं होती. शेवटी वहिनींनीच कपाटातले दादाचे कपडे काढून पलंगावर ठेवले, कपाट हलकं व्हावं म्हणून.

"बुजवा," त्या म्हणाल्या. "मी खाली जाऊन बसते."

फट बुजली, इमारत पास झाली. शेजाऱ्यांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र दादाला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं.

आठवड्याने मुद्दाम संध्याकाळीच गेलो. घर छान उबदार होतं, वहिनींचा खोकला पळाला होता. पण दादाच्या खोलीचं दार सताड उघडं. ते मिटू नये म्हणून खाली त्याच्या एका सदऱ्याची घडी दडपलेली.

"हे काय, वहिनी?"

"उघडंच ठेवते आता," त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या. "म्हणजे वाट बघायला नको."