पाठीवरचं फूल

मिस्त्रीच्या घरी रोज संध्याकाळी एक सोहळा ठरलेला. तो दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याची लेक छकुली धावत येई, त्याला पाठमोरा उभा करी आणि शर्टावरच्या पांढऱ्या धुळीत बोटाने फूल काढी. मग बायको तो शर्ट खिडकीत झटकून धुवायला टाकी. जुन्या इमारतीच्या बॉयलरखोलीत गरम पाइपांवरचं आवरण फोडून काढायचं काम, धूळ लागायचीच. मिस्त्रीला तर तिचा अभिमान! "कष्टाची पावडर आहे ही," असं म्हणत तो मिरवायचा.

एक दिवस त्याचे म्हातारे उस्ताद काम बघायला आले. चार पायऱ्या उतरताना दोनदा थांबले. फुटलेला तुकडा दिसताच मात्र कडाडले, "हातोडा खाली ठेव! तपासणी नाही, पाणी मारलेलं नाही, नाकाला नुसता रुमाल! अरे, यात ॲस्बेस्टॉस असेल तर? डोळ्याला न दिसणारे तंतू असतात त्याचे. छातीत जाऊन बसतात."

"वीस वर्षं हेच करतोय, उस्ताद. मला काय धाड भरलीय?"

"वीस-तीस वर्षांनीच कळतं ते." उस्ताद पायरीवर टेकले. "तुझी काकू कधी बॉयलरखोलीत आली होती? ती फक्त माझे कपडे झटकायची. शेवटी तिला जिना चढवेना, मग बोलवेना. ते दुखणं मीच घरी नेलं होतं रे."

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे छकुलीचं बोट आलं. पाठीवरचं फूल!

त्याने काम थांबवलं. इमारतीच्या व्यवस्थापकाने आकाशपाताळ एक केलं, तरी हा बधला नाही. "आधी नमुना तपासा. मग हे काम शिकलेली माणसं बोलवा. तोवर खाली कुणी उतरायचं नाही!" कपडे तिथेच पिशवीत बांधून, अंघोळ करून, पहारेकऱ्याचा सदरा मागून घेऊन तो घरी आला.

छकुलीने पाठ निरखली. तिचा चेहराच पडला. "बाबा, आज तू काम नाही केलंस?"

"केलं की! आजवरचं सगळ्यात मोठं." बायकोला त्याने सगळं सांगितलं. उद्या तिघांनी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मग त्याने छकुलीपुढे पेन आणि स्वच्छ धुतलेला तळहात धरला. "काढ फूल."

मंडळी, आपल्याही इमारतीत असं जुनं आवरण असेल. धड असेल तर त्याला हात लावू नका, काढायचंच असेल तर आधी तपासून घ्या. आणि ते काढणाऱ्याची घरी कुणीतरी दाराशी वाट बघतंय, एवढं मनात असू द्या.