कॉक डावीकडंच

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. पण गावात सगळे विमानाचंच सांगतेत, मल्हार त्यात कुठंच न्हाय.

मल्हार म्हणजे सोनारीच्या दगडोबा मेंढपाळाचा पोरगा. पायलटचं शिकत होता. त्या दिवशी एकटाच लांबच्या फेरीवरनं परतत होता. विमानाला दोन पंखांत पेट्रोलच्या दोन टाक्या, आणि मधी कुठल्या टाकीतनं पेट्रोल घ्यायचं ते ठरवायला बाईकला असतो तसा कॉक. अर्ध्या-अर्ध्या तासानं फिरवायचा. डावी, मग उजवी. नेमकी फिरवायची वेळ झाली आणि खाली गावच्या भैरोबाच्या देवळाचं शिखर दिसलं. बापाची मेंढरं हुडकायला त्यानं एक घिरटी मारली, मग आणखी एक. पांढरे ठिपके दिसले. बापानं वर बघितलं का न्हाय, ते एवढ्या वरनं काय कळतंय. तेवढ्यात इंजिन खोकलं आणि गप झालं.

नुसता वारा ऐकू यायला लागला. कॉक फिरवायचं सुचलंच न्हाय. इंजिन बंद पडलं, एवढंच रेडिओवर तळाला सांगितलं. परंड्याच्या अलीकडं ज्वारी काढलेलं रान होतं, तिथं धसकटांत आदळत-आपटत उतरला.

शेजारच्या बांधावरनं कडूबाई आली.

"पडला व्हय रं?"

"न्हाय मावशी, उतरलो."

"उतरला म्हणं. कुणाला इचारून?"

तांब्याभर पाणी पाजून ती म्हशीमागं गेली. मग कुणीच न्हाय. मल्हारनं झाकणं काढून बघितली. डावी टाकी कोरडी ठाक, उजवीत पेट्रोल. कॉक डावीकडंच.

फोन वाजला. लोहाऱ्याचा विरेश, विमानतळावर पेट्रोल भरणारा. एवढ्या तळावर मल्हारला नावानं हाक मारणारा तो एकटाच.

"हाडं शाबूत हायत न्हवं?"

"हायत."

"तुझे शिकवणारे साहेब म्हणतेत पेट्रोलात कचरा आसंल. भरणारा म्या. ते निघालेत तिकडं. मला म्हणले, घरी जाऊन बस."

मल्हारनं आत बघितलं. कॉक उजवीकडं करायला दोन बोटं पुरली असती. डावी संपली, उजवी लावली, तरी बंद पडलं, असं सांगता आलं असतं. बघायला रानात चिटपाखरू न्हाय.

"मल्हार? हायस का गेलास?"

"हाय. तू घरी जाऊ नको. टाकी बदलायची म्याच इसरलो. मेंढरं बघत बसलो."



"येडा हायस का लका? काढून टाकतील तुला."

"टाकू दे. साहेब येईपर्यंत म्या विमानात पाय ठेवत न्हाय. कॉक जसा हाय तसाच त्यांना दावतो. शब्द देतो तुला."