बारा नंबरची बेल

भाचीने ट्रायपॉड तिसऱ्या कोपऱ्यात लावला आणि मावशीला बाजूला व्हायची खूण केली. रुग्णालय महिनाअखेर नव्या इमारतीत जाणार होतं. त्याआधी प्रत्येक रिकामी खोली चारही कोपऱ्यांतून टिपायची, आणि फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही, असं काम ठरलेलं. कुठे काय होतं हे सांगायला जुनी सिस्टर हवी, म्हणून मावशी सोबत आली होती. हा वॉर्ड मात्र ती सकाळपासून टाळत होती.

"इथे बारा नंबरची खाट," ती अखेर म्हणाली. "तो गेला ती."

घरात सगळ्यांना ते पाठ होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, मावशीचा खुर्चीत डोळा लागला. रुग्णाची बायको औषध घेऊन परतली, तेव्हा बेलचं बटण त्याच्या मुठीत होतं. मावशीने त्याच पावली जाऊन कबुली दिली. तेव्हापासून ती दुपारची कधी आडवी झाली नाही. तापाने फणफणली तरी बसून राहायची. भाचरं तिला 'पहारेकरी' म्हणून चिडवायची.

भाचीने कॅमेऱ्यातून भिंत पाहिली. रंगाऱ्यांनी कधीकाळी लोखंडी कपाट न हलवताच हात मारलेला दिसत होता. आता कपाट नेलं होतं आणि त्यामागचा जुना हिरवा रंग तसाच होता. तिथेच बेलची वायर तोडून टोकाला चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीवरही हिरवा रंग चढलेला.

"मावशी, हा हिरवा रंग कधीचा गं?"

"माझ्या आधीचा. मी नोकरीला लागले तेव्हा सगळं पिवळंच होतं."

"मग जरा इकडे ये."

मावशीने चष्मा पुसला. टोक बोटाने चाचपलं, वायरीच्या मागोमाग खाटेच्या जागेपर्यंत गेली आणि परत आली.

"तू टक्क जागी असतीस तरी ही वाजली नसती," भाची म्हणाली. "तेव्हा कुणी तपासली कशी नाही?"

"कशाला तपासतील? मीच सांगितलं ना, झोपले होते म्हणून."

तिला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. "बिचारा," ती म्हणाली. "उगाच दाबत बसला." मग छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तिने लांब श्वास सोडला.

भाची चौथ्या कोपऱ्यात गेली. उजेड बघून वळली, तर मावशी खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर पर्स उशाला घेऊन कलंडली होती. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या.

"मावशी, फोटोत येतेयस."

उत्तरादाखल बारीक घोरणं ऐकू आलं. सव्वादोन वाजले होते.

भाचीने कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि ती दाराशी जाऊन पहाऱ्याला बसली.