डावं पुढचं, उजवं मागचं

जुनी रिमोटची गाडी विकणारा माणूस खोटं बोलतो, असं मी म्हणणार नाही. तो फोटो एकाच बाजूने काढतो, एवढंच. दुसऱ्या बाजूला काय झालंय ते आपण त्याच्या घरी जाऊन, मान वाकडी करून बघायचं. 'एकदाच चालवलीय' म्हणजे एकदाच, पण भिंत लागेपर्यंत. 'चार्जर भावाकडे राहिलाय' म्हणजे चार्जर नाही आणि बहुतेक भाऊही नाही. 'तुमच्या आधी तिघं बघून गेले' हे मात्र खरं असतं. तिघं बघून गेले म्हणूनच गाडी अजून तिथे आहे.

हे सगळं मी अनुभवाने सांगते. चौतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करते आहे. दुकान नवऱ्याने टाकलं, चालवलं मी. ते गेल्यावरही चालवतेच आहे. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी एक बंद पडलेली रिमोटची गाडी दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. तेव्हापासून हा नाद लागला. दर रविवारी मैदानावर शर्यत असते. तिथे माझ्या निम्म्या वयाचे बाप्ये मला 'फौजदारीण' म्हणतात, तोंडावर आणि मागेही. गाडी घ्यायची असली की मलाच सोबत नेतात. मी गाडी उलटी केली की विकणाऱ्याचा चेहरा पडतो.

तर गेल्या महिन्यात माझीच गाडी कठड्यावर आपटली आणि कामातून गेली. हे ऐकून जावई म्हणाले, "आई, तुमच्या वाढदिवसाला गाडी मी घेऊन देतो. जाहिरात बघून ठेवलीय."

जावई चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला आहेत. लग्नाला सहा महिने झाले. माणूस सरळ, पण बोलणं मोजूनमापून. माझ्यासमोर तर तेवढंही नाही. मी लगेच म्हटलं, "छान! मी येते सोबत, नाहीतर तुम्हाला टोपी घालतील."

संध्याकाळी लेक एकटी आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच बोलायला लागली.

"आई, त्यांना दुसऱ्या गावच्या दुकानाचा मॅनेजर करतायत. शनिवारी हो की नाही सांगायचंय."

"आणि तुम्ही राहायला याल म्हणून तयार केलेल्या वरच्या खोल्या? रंग दिला मी, नळ बदलले!"

"तेच सांगतेय. ते म्हणतात, आईंच्या घरात माझं काय काम? त्यांनी पंखा आणला, तू परत केलास. मिक्सर आणला, तू दुकानदारासमोर त्याचं भांडं उघडून दाखवलंस. पडद्यांचं तर मी बोलतच नाही."

"मिक्सरची पाती खरंच वाकडी होती."

"होती ना. पण सांगायचं कुणी?" ती पायरीवर बसली. "आई, या वेळी गाडी त्यांना घेऊ दे. तू जा, पण एक शब्द बोलू नकोस. एक म्हणजे एक."

मी कबूल केलं. घर मोठं आहे आणि लेकीच्या लग्नापासून रात्री त्यात मी आणि माझ्या मशिनी, एवढेच. लेक वर राहायला आली असती तर मला फार बरं वाटलं असतं. एवढ्यासाठी तासभर जीभ दातांखाली धरणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हे, असं मला वाटलं.

विकणारा निघाला दातांचा डॉक्टर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याने आम्हाला नेलं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि टेबलावर हिरव्या कापडाखाली गाडी झाकलेली. त्याने कापड काढलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

ती निळी गाडी होती. अकरा वर्षांपूर्वी एका शर्यतीत मी ती बघितली होती. खालची अख्खी पट्टी ॲल्युमिनियमची, एकाच तुकड्यातून कापलेली. आता कंपनी ती बनवत नाही. तेव्हापासून मी तिच्या मागावर होते, आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"एकदाच चालवलीय," डॉक्टर म्हणाला.

मी ओठ मिटून घेतले.

मग सगळं रीतसर सुरू झालं. बॅटरी गालगुंड झाल्यासारखी फुगलेली. "उन्हाने होतं तसं." रिमोट दुसऱ्याच गाडीचा, पाठीमागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. "चालतो मस्त." कवचावर मोठं स्टिकर, अर्थातच तडा गेलेल्या जागी. चार्जर? "बहिणीकडे राहिलाय." चला, निदान भाऊ नव्हता. किंमत जाहिरातीत होती त्याहून जास्त, कारण "तो जुना भाव होता". प्रत्येक वाक्याला माझ्या घशाशी एकेक उत्तर येत होतं आणि मी ते गिळत होते. गिळून गिळून मला उचकी लागली. डॉक्टरने पाणी दिलं, तेही मी मुक्याने प्यायले.

डॉक्टरने गाडी डब्यावर ठेवून चाकं हवेत फिरवून दाखवली. हवेत काय, कुठलीही गाडी छानच चालते. आता जावई म्हणतील 'जमिनीवर चालवा', म्हणून मी वाट बघत होते. पण जावई दुसऱ्याच कामाला लागले होते. त्यांनी गाडी मांडीवर घेतली आणि चारही टायरांवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. आधी पुढचे, मग मागचे, मग पुन्हा पुढचे. मोटर नाही, गिअर नाही, टायर! या खेळात सगळ्यात स्वस्त वस्तू कुठली तर टायर. महिन्याला बदलतात. मला त्यांची कीव आली, खरं सांगते.

"डॉक्टर, जमिनीवर सरळ चालवून दाखवता?" जावयांनी शेवटी विचारलं.

"जागा कुठेय? आणि बॅटरी पण उतरलीय."

जावयांनी गाडी हळूच टेबलावर ठेवली. "मग राहू द्या. नको आम्हाला."

डॉक्टरने हिरवं कापड उचललं. अकरा वर्षं, माझ्या मनात आलं. कापड गाडीवर पडायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "घ्या!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, टायर काय, पैशाला पासरी मिळतात. गाडी बघा! अशी पुन्हा मिळायची नाही. घेऊन टाका, जावईबापू."

जावई रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, पाकीट काढलं आणि घासाघीस न करता डॉक्टरने सांगितले तेवढे पैसे मोजले. परतीच्या वाटेवर गाडी माझ्या मांडीवर होती आणि मी, लाज वाटते सांगायला, खूश होते.

घरी आल्यावर मी गाडी उघडली. गिअर शाबूत होते, मोटर ठणठणीत होती. नवी बॅटरी लावली आणि फरशीच्या रेघेवर गाडी सोडली. ती डावीकडे गेली. रिमोटवर चाकं जुळवली, पुन्हा सोडली. आता सरळ गेली, पण थांबवताना गर्रकन फिरली. चाकांचे दांडे बदलले, स्प्रिंगा बदलल्या. तीन दिवस दुकानात गिऱ्हाइकांच्या मशिनी तशाच पडून राहिल्या. गुरुवारी दुपारी मी चाकं, मोटर, सगळं उतरवून नुसती पट्टी काचेवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. पट्टी टक्‌ करून डुगडुगली. बोट उचललं, पुन्हा टक्‌.

पट्टीला पीळ बसलेला होता. जाड ॲल्युमिनियम ते, एकदा पिळलं की सरळ होत नाही. माझी निळी राणी जन्माची लंगडी होती.

मग मी टायर हातात घेतले. पुढचा डावा झिजलेला, मागचा उजवा झिजलेला, उरलेले दोन जवळजवळ कोरे. चार चाकांची गाडी दोनच चाकांवर, तीही तिरक्या रेषेत, भार टाकत होती. सगळं टायरांवर लिहिलेलं होतं. जावयांनी ते अंगठ्याने वाचलं होतं, आणि मी त्यांची कीव करत बसले होते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, कमाल केलीस! ते म्हणाले, आईंनी तिथे एक शब्द काढला नाही."

माझ्या हातातला टायर खाली पडला. त्या माणसाने मला पाठीशी घातलं होतं. त्याने बाहेरगावी जायचं ठरवलं असणार, मला कळून चुकलं, आणि जाता जाता मायलेकींत भांडण नको म्हणून हे खोटं बोलला असणार.

"बोलले मी," मी म्हटलं. "एकच शब्द बोलले आणि सगळ्यावर पाणी पडलं. ते नको म्हणत होते, मी घ्यायला लावली. गाडी वाकडी आहे. फोन ठेव, मला बाहेर जायचंय."

सहा महिन्यांत मी जावयांच्या दुकानात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पिशवीत पट्टी आणि चार टायर घालून गेले आणि बाकावर नंबर लावून बसले. जावई एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर गुडघ्यांवर बसले होते. नवा जोडा अजून खोक्यातच होता. जावई त्यांचा जुना बूट उलटा करून बघत होते.

"बाबा, उजवी कंबर धरते का तुमची? सकाळी उठल्यावर?"

"तुला रे कसं कळलं?"

"टाच बोलते, बाबा."

म्हातारबुवा हसले. मग कंबर, गादी, जिना, सगळं सांगत बसले, आणि जावई ऐकत राहिले. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मी असते तर पहिल्या मिनिटाला त्यांना गादी बदलायला लावली असती.

माझा नंबर आला. जावई दचकले. "आई? तुम्ही इथे?"

मी टायर बाकावर मांडले, जसे गाडीला असतात तसे. "चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द मी उच्चारल्याला बरीच वर्षं झाली होती, आवाज जरा घोगराच निघाला. "लेकीला सगळं सांगितलंय. आता मला शिकवा. हे टायरवर कसं वाचायचं?"

ते मग माझ्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. माणूस लंगडतो तेव्हा दुखऱ्या पायाचा भार दुसरा पाय कसा घेतो, एकाच बाजूची टाच का झिजते, नवा जोडा देऊन चाल का सुधारत नाही. "मी गाडीतलं काही जाणत नाही, आई. पण ही चालायला लागली की लंगडणार, हे दिसत होतं." पंचवीस मिनिटं बोलले. एवढं बोलणं मी त्यांच्या तोंडून सहा महिन्यांत मिळूनही ऐकलं नव्हतं. मी प्रश्न विचारत गेले आणि ते सांगत गेले.

शेवटी मी म्हटलं, "शनिवारचं मी काही विचारत नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

"विचारा की," ते म्हणाले. "तुम्ही आजवर सांगतच आलात, आई. विचारलंत कधी?"

विचारायची मला सवयच नाही. तरी विचारलं. "राहाल का आमच्याकडे? मला हवे आहात तुम्ही. दोघंही."

जावयांनी एकेक टायर उचलून पिशवीत ठेवला. मग पट्टी ठेवली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "वरच्या खोलीत सकाळचा उजेड कुठून येतो?"

पूर्वेच्या खिडकीतून येतो. पलंग तिथे लावायचा नसतो, डोळ्यांवर ऊन येतं. कपाट उत्तरेच्या भिंतीला बसतं, माप मी घेऊन ठेवलंय. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

"या आणि तुम्हीच बघा," मी म्हटलं.